समोरून भिंत

झरमॅटमध्ये, म्हणजे स्वित्झर्लंडमधल्या मॅटरहॉर्नच्या पायथ्याच्या गावी, पहिले दोन दिवस डोंगर दिसलाच नाही. आषाढात राजमाचीला जावं आणि श्रीवर्धन, मनरंजन दोन्ही बालेकिल्ले ढगात गडप असावेत, तसं झालं. गावात मात्र तो जिथं तिथं होता. गाईच्या घंटेवर, चीज कापायच्या फळीवर, मोज्यांवर, हॉटेलातल्या साबणाच्या कागदावर. टोब्लेरोनच्या खोक्यावरून तेवढा त्याला २०२३ मध्ये उतरवला. त्या चॉकलेटचं काही उत्पादन स्लोव्हाकियाला जाणार होतं आणि स्विस कायद्याप्रमाणे मग देशाची अशी खूण मिरवता येत नाही. जुन्या खोक्यावरचा तो त्रिकोण पाहत आमच्या पिढीनं मॅटरहॉर्न ओळखायला शिकलं, हे कबूल करायला हवं.

भाची झुरिकला नोकरी करते. "मावशी, एकदा ये तरी" हे तीन वर्षं चाललं होतं. शेवटी गेले तेव्हा तिनं लुझर्न, युंगफ्राउ, ऱ्हाइनचा धबधबा अशी ऐसपैस यादी करून ठेवली होती. मी म्हटलं, "बाकीचं तू ठरव. मला चार दिवस मॅटरहॉर्नच्या पायथ्याशी नेऊन सोड." चढायचं वगैरे मनात नव्हतं. वय त्रेपन्न, डावा गुडघा जिना उतरतानाही आपलं अस्तित्व कळवणारा. पण विशीत सह्याद्रीतल्या सुळक्यांवर हात-पाय सोलून घेतले की एक खोड कायमची लागते. वाट कुठून जाते हे कळल्याशिवाय डोंगर पाहिल्यासारखा वाटत नाही.

तिसऱ्या दिवशी पहाटे भाचीनं पडदा ओढला आणि नुसतं "मावशी" म्हणाली.

आम्ही गोर्नरग्राटची गाडी पकडली. दात्यांच्या रुळावर चढणारी ही गाडी १८९८ पासून चालू आहे. रोटनबोडेनला उतरून रिफेलझे नावाच्या तळ्याकाठी गेलो. समोर डोंगर, पाण्यात डोंगर. आजूबाजूला एकही शिखर त्याला चिकटलेलं नाही, म्हणून ४,४७८ मीटरचा तो आकडा तिथं जास्तच वाटतो. तळ्याकडून दिसते ती त्याची पूर्वेची बाजू. सरळ, सपाट, वर टोकाशी किंचित वाकडी मान केलेली भिंत. तिच्या उजव्या कडेनं एक धार खाली उतरते. ती हॉर्न्लीची धार, पहिल्या चढाईची आणि आजही सर्वाधिक वापरातली वाट.

"यावर माणसं चढतात? कुठून?" भाचीनं विचारलं.

मी बोट केलं खरं, पण पटलं माझंही मला नाही. समोरून ती धार उभीच्या उभी होती.

बेलपाड्याच्या शेतात उभं राहून हरिश्चंद्रगडाकडे पाहिलेल्यांना हे कळेल. समोर कोकणकडा, आणि त्या भिंतीत कुठं बोट शिरेल अशी फट दिसत नाही. गावातला माणूस सांगतो, "नळीतनं जा की," आणि आपल्याला वाटतं हा चेष्टा करतोय. तासभर चालून थोडं बाजूला सरकलं, की भिंतीची घडी उलगडते आणि आत नळी दिसते. तिच्यातही चढाई आहे, कातळटप्पे आहेत, घसारा आहे, पण वाट आहे. समोरून पाहताना कड्याची खोली डोळ्याला कळतच नाही. उतार दिसतो तो भिंत म्हणून.

मॅटरहॉर्नच्या बाबतीत नेमकं हेच होऊन बसलं होतं. १८६५ पर्यंत आल्प्सची बहुतेक मोठी शिखरं माणसांनी गाठली, हा एक राहिला. झरमॅटच्या बाजूनं तो अशक्य, हे इतकं ठरून गेलं होतं की प्रयत्न करणारे बहुतेक जण इटलीच्या अंगानं, ब्रॉय गावाकडून करत. तिकडची धार लायन रिज, म्हणजे सिंहाची धार. ती टप्प्याटप्प्यानं चढते, बसायला जागा देते, म्हणून शहाणी वाटते. एडवर्ड व्हिम्पर हा लंडनचा तरुणही १८६१ पासून तिथंच डोकं आपटत होता. १८६२ मध्ये एकदा तर एकटाच वर गेला आणि उतरताना घसरून साठेक मीटर आपटत खाली आला. वाचला हे नशीब.

व्हिम्पर पेशानं गिर्यारोहक नव्हता. लाकडी ठशांवर चित्रं कोरणारा कारागीर होता. १८६० मध्ये एका प्रकाशकानं आल्प्सची चित्रं काढायला पाठवला, तेव्हा त्यानं पहिल्यांदा हे डोंगर पाहिले. मला त्याच्या सगळ्या गोष्टीत हे सर्वात महत्त्वाचं वाटतं. ज्याला डोंगराची कड लाकडात कोरायची आहे, तो ती कड मोजणारच. पूर्वेच्या भिंतीवर उन्हाळाभर बर्फ टिकून राहतो, हे त्यानं हेरलं. भिंत खरंच उभी असती तर बर्फ टिकला असता का? मग त्यानं तीच बाजू आडवी, म्हणजे कडेनं पाहिली, तर तिचा सरासरी उतार जेमतेम चाळीस अंशांचा निघाला.

दुसरी गोष्ट थरांची. आपला सह्याद्री म्हणजे भाकरीची चळत. लाव्ह्याचे आडवे थर एकावर एक, त्यामुळे कड्यात मधूनमधून आडव्या पट्ट्या मिळतात आणि त्यावरून बिनधास्त चालत जाता येतं. मॅटरहॉर्नची चळत कललेली आहे, नैर्ऋत्येकडे म्हणजे इटलीकडे. कौलारू छपरासारखी कल्पना करा. इटलीच्या बाजूनं चढणारा उतरत्या कौलांवरून चढतो. पाय बाहेर निसटतो, हाताला कड मिळाली तरी ती खाली कललेली. झरमॅटच्या बाजूला तेच थर आत डोंगराकडे कलतात, म्हणजे दर थराची कड ही आत झुकलेली पायरी. व्हिम्परनं हे ताडलं. ज्या बाजूला कुणी जात नव्हतं, तिथं एक अवाढव्य जिना होता.

(या दगडाचं कूळ ऐकून भाची चकित झाली. डोंगराचा पायथा म्हणजे टेथिस महासागराच्या एका शाखेचा तळ, आणि वरचा सुळका आफ्रिकेच्या बाजूनं सरकत आलेल्या भूखंडाचा नाईस खडक. स्वित्झर्लंडची ओळख म्हणून मिरवतात तो माथा असा बाहेरगावचा.)

दुसऱ्या दिवशी आम्ही त्झमुटला गेलो. उन्हानं काळी पडलेली लाकडी घरं, छपरावर दगडी फरशा, पुढे दरीत श्टाफेलपर्यंत रुळलेली वाट. चालता चालता उजव्या धारेची डावी धार झाली, पूर्वेची भिंत तिच्या मागं गेली आणि उत्तरेचा काळा कडा समोर आला. हॉर्न्लीची धार आता कडेनं दिसत होती. काल उभी वाटलेली तीच रेघ एखाद्या गडाच्या सोंडेसारखी खाली उतरत होती, दात असलेली पण ऐसपैस. मी वाटेतच बसले. भाचीला म्हटलं, "आता विचार, कुठून चढतात."

तिथून आणखी एक धार दिसते, उजवीकडची त्झमुट धार. १८७९ मध्ये ममरी हा इंग्रज अलेक्झांडर बुर्गनर आणि आणखी दोन स्थानिकांच्या साथीनं तिथून चढला. चौथी फुर्गन धार सर्वात अडेलतट्टू, ती १९११ पर्यंत दाद देत नव्हती. आणि समोरचा उत्तर कडा १९३१ मध्ये फ्रान्झ आणि टोनी श्मिड या भावांनी चढून काढला. म्युनिकहून सायकली मारत आले, चढले, आणि सायकलींवरून परत गेले. पुढच्या वर्षी लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये त्यांना या चढाईसाठी सुवर्णपदक जाहीर झालं, पण तोवर टोनीचा दुसऱ्या एका कड्यावर मृत्यू झाला होता. १९६५ च्या फेब्रुवारीत वॉल्टर बोनाटी त्याच उत्तर कड्यावर नवी, थेट वाट काढत एकटा वर गेला. मान वर करून पाहिलं तर एवढी नावं त्या काळ्या दगडात कुठं मावली असतील असं वाटतं.

पण माझं मन त्या दोन साध्या धारांपाशीच घुटमळत राहिलं.

१८६५ चा जुलै. व्हिम्पर ब्रॉयला पोचला तेव्हा त्याला हवा होता जाँ-आंत्वान कॅरेल. हा तिथलाच, इटलीच्या सैन्यात लढून आलेला, गावात 'बेर्सालिएरे', म्हणजे नेमबाज शिपाई, म्हणून ओळखला जाणारा. सिंहाच्या धारेवर त्याच्याइतकं कुणी गेलं नव्हतं. पण इटलीच्या नव्या अल्पाइन क्लबाच्या माणसांनी त्याला आधीच गाठलं होतं. देश नुकता एक झालेला, डोंगर आपल्या माणसानं आपल्या बाजूनं चढावा ही त्यांची इच्छा. कॅरेल त्यांच्याकडे गेला. व्हिम्पर मजूर-वाटाड्याशिवाय उघडा पडला, खिंड ओलांडून झरमॅटला पळाला आणि जो भेटेल त्याच्याशी जुळवून त्यानं सात जणांचा गट केला. तो स्वतः, पंचविशीचा. अठरा वर्षांचा लॉर्ड फ्रान्सिस डग्लस. चार्ल्स हडसन हा अनुभवी पाद्री आणि त्याच्याबरोबरचा एकोणीस वर्षांचा हॅडो, डोंगरात जवळजवळ नवखा. शामोनीचा मिशेल क्रो, आणि झरमॅटचे बापलेक टाउगवाल्डर, दोघांचंही नाव पेटर.

१४ जुलैला दुपारी पावणेदोनच्या सुमारास ते माथ्यावर होते. वाट त्यांना वाटली होती त्याहून सोपी निघाली. माथा म्हणजे शंभरेक मीटरची अरुंद बर्फाळ धार, एका टोकाला स्वित्झर्लंड, दुसऱ्या टोकाला इटली. इटलीच्या टोकाला जाऊन व्हिम्परनं खाली पाहिलं तर कॅरेलची माणसं बरीच खाली होती. त्यांचं लक्ष वेधायला वरून दगड ढकलले. खालची माणसं परत फिरली.

इथपर्यंतची गोष्ट समोरून पाहण्याची आहे. उतरतानाची बाजूनं.

उतरताना सगळ्यात पुढे क्रो होता, गटातला सर्वात दमदार. त्याच्यामागं हॅडो, मग हडसन, मग डग्लस, मग थोरला टाउगवाल्डर, व्हिम्पर आणि शेवटी धाकटा. हॅडोला पाय ठेवता येत नव्हते, म्हणून क्रो कुऱ्हाड बाजूला ठेवून त्याचे पाय हातानं धरून एकेका खाचेत ठेवत होता. क्रो वळला, हॅडो घसरला आणि त्याच्यावर आदळला. दोघांच्या झटक्यानं हडसन, मग डग्लस. वरच्यांनी दगड मिठीत धरला. डग्लस आणि थोरल्या टाउगवाल्डरमधला दोर ताणला आणि तुटला. चौघं उत्तर कड्यावरून खाली हिमनदीवर गेले. डग्लसचं शरीर आजतागायत मिळालेलं नाही.

तो तुटलेला दोर झरमॅटच्या संग्रहालयात काचेखाली आहे. बघून मी थबकले. जेमतेम करंगळीएवढा, पिंजलेल्या टोकाचा. त्यांच्याकडे तीन जातींचे दोर होते आणि नेमका सर्वात कच्चा तिथं बांधलेला. गावात चौकशी झाली, थोरला टाउगवाल्डर निर्दोष ठरला. पण यानं स्वतःला वाचवायला दोर कापला, अशी कुजबुज त्याच्या मागं आयुष्यभर लागली. कापल्याचा आरोप व्हिम्परनं खोडला, तरी तो कच्चा दोर का निवडला गेला हा संशय त्यानं आपल्या लिखाणात तसाच राहू दिला. मला हे वाचताना नेहमी राग येतो. ज्या माणसानं दगडाला मिठी मारून तिघांचा जीव राखला, त्याच्याच वाट्याला जन्माचा खुलासा.

सह्याद्रीत आम्हाला शिकवलेली पहिली गोष्ट, चढताना सर्वात भक्कम माणूस पुढे, उतरताना तोच सर्वात शेवटी. लिंगाण्यावरून उतरताना मी दोराच्या मधे होते आणि शेवटी आमचा दादा. मुरमाड टप्प्यावर माझा पाय सुटला. पडले म्हणावं इतकीही नाही, हातभर खाली लोंबले आणि कमरेला दोर करकचला. वरून दादाचा आवाज आला, "घाई कुणाला आहे? पाय शोध." कमरेवरचा काळानिळा पट्टा आठवडाभर होता. आईला सांगितलं, मोरीच्या कट्ट्याला आपटले. तिला पटलं नसावं, पण तिची एकच अट असायची, ओढणी नीट खोचून जा. मला लूसी वॉकर आवडते ती याचसाठी. १८७१ मध्ये घोळदार झग्यात मॅटरहॉर्न चढलेली ही पहिली बाई. त्याच उन्हाळ्यात काही आठवड्यांनी अमेरिकन मेटा ब्रेव्होर्ट एका बाजूनं चढून दुसऱ्या बाजूनं उतरली. ओढणीचा त्रास मला माहीत आहे, झग्याचा विचारसुद्धा करवत नाही.

कॅरेल पुन्हा निघाला आणि अपघातानंतर तीन दिवसांनी, १७ जुलैला, आपल्या सिंहाच्या धारेनं माथ्यावर पोचला. त्याच्याबरोबर बिच नावाचा गाववाला होता. चौघं निघाले होते. माथ्याच्या अगदी खाली एक अवघड जागा लागली. तिथून पुढं गेलं तर परत येताना दोर धरायला कुणीतरी हवं होतं. आमे गोरे या तरुण पाद्र्यानं आणि मेनेनं थांबायचं कबूल केलं. माथा हाकेच्या अंतरावर. गोरेनंच या मोहिमेची हाक दिली होती. तो थांबला, आणि दुसऱ्या दोघांना परत आणलं.

शेवटच्या दिवशी आम्ही केबल कारनं श्वार्त्झझेला गेलो. तळ्याकाठी एक इवलंसं चॅपल आहे. तिथून हॉर्न्ली हट हा गिर्यारोहकांचा निवारा ३,२६० मीटरवर, साधारण सातशे मीटरची चढण. मनात म्हटलं, बारीपासून कळसूबाई जवळपास एवढीच, फक्त शिड्यांवर कोंबड्याचं रक्त आणि हळदकुंकू नाही. दोनाचे साडेतीन तास लागले. भाची चार वेळा थांबली, मोबाइल बघतेय असं दाखवून. माझ्या गुडघ्यासाठी थांबतेय हे मला कळत होतं. मावशी म्हणून मी गप्प राहिले.

हटच्या मागं शंभर पावलांवर धार सुरू होते. पहिलाच कातळटप्पा, त्यावर लोंबणारा जाड दोर. पहाटे चारच्या सुमारास इथं बॅटऱ्यांची रांग लागते. अवघड कसरत नाही या वाटेवर, पण बाराशे मीटर सलग, निसटत्या दगडांचा. वाट चुकली की पूर्वेच्या भुसभुशीत उतारावर माणूस भरकटतो. ४,००३ मीटरवर सोल्वे नावाची लाकडी खोली आहे, बेल्जियन रसायनशास्त्रज्ञ एर्नेस्ट सोल्वे यांच्या देणगीतून १९१५ मध्ये बांधलेली, फक्त संकटात वापरायची. त्याच्या वर खांदा, जाड बांधीव दोर, मग बर्फाचं छप्पर. त्या दोरांच्या आसपासच १८६५ चे चौघं गेले. हा डोंगर आजवर पाचशेहून जास्त माणसं घेऊन बसलाय, आणि त्यातली पुष्कळशी उतरताना. हल्ली एक नवी चिंता आहे. खडकाच्या भेगांतला गोठलेला बर्फ हाच इथला सांधा. २००३ च्या कडक उन्हाळ्यात तो सांधा सुटला, धारेवर दरड कोसळली आणि वर अडकलेल्यांना हेलिकॉप्टरनं उतरवावं लागलं.

मी त्या पहिल्या टप्प्याला हात लावला. दगड थंड, खरखरीत, थर खरोखरच आत कललेले. बोटं आपोआप कडेत बसली. भाचीला म्हटलं, "बघ, पायरी." तिनंही हात लावला.

दुपार कलत होती. धारेवरून माणसं उतरत होती, दोन-दोनच्या जोड्यांनी. पुढे पाहुणा, अडखळत, पाय शोधत. मागं आणि वर गाईड, आखूड दोर हातात घट्ट धरून, नजर पुढच्याच्या टाचांवर. एक बाई शेवटच्या टप्प्यावर बराच वेळ पाय खाली सोडून चाचपडत राहिली. गाईड काही बोलला नाही. दोर इंचभर सैल केला आणि थांबला.

कॅरेलचा शेवट मला हटवर बसून भाचीला सांगायचा होता. व्हिम्पर आणि तो, ज्यांनी एकमेकांवर कुरघोडी केली, ते १८८० मध्ये एकाच दोरावर होते. इक्वेडोरचं चिंबोराझो शिखर त्यांनी पहिल्यांदा गाठलं. आणि १८९० मध्ये साठीचा कॅरेल सिंहाच्या धारेवर सोबत्यांसह वादळात सापडला, तेव्हा त्यानं त्यांना तासन्‌तास वाट काढत, सुखरूप अवघड कडा उतरवून आणलं, आणि सपाटीला लागल्यावर तिथंच कोसळून गेला. तो सगळ्या वाटेवर कुठं पुढे होता आणि कुठं मागं, कुणास ठाऊक. मी सांगितलं तेव्हा भाची सूपाचा चमचा हातात धरून धारेकडे पाहत होती. "अजून दोघं वर आहेत," एवढंच म्हणाली. आम्ही ते दोघं खाली पोचेपर्यंत बसलो आणि शेवटची केबल कार धावत पकडली.

झुरिकच्या गाडीत मी श्टाफेलवरून काढलेला फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. तोच तो कडेनं दिसणारा, डावीकडं सोंड उतरलेला. हाच ग्रुप २०२० च्या एप्रिलमध्ये, टाळेबंदीत, मॅटरहॉर्नवर प्रकाशानं झळकवलेल्या तिरंग्याच्या फोटोनं दिवसभर भरून वाहत होता. विस्प येईस्तोवर तीन उत्तरं आली. वहिनी म्हणाली छान. मोठ्या दीरांनी हात जोडले. धाकट्या भावानं विचारलं, "हा कुठला डोंगर? मॅटरहॉर्नला गेली होतीस ना, त्याचा टाक की."